रिमोटची गाडी : तयार घ्यावी की स्वतः जोडावी, आणि बिघडल्यावर कशी उघडावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून रिमोटच्या गाड्यांचा छंद लावून घेऊ पाहणाऱ्याने वेग आणि किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : या गाडीचा एखादा भाग मोडला, तर तेवढाच भाग सुटा मिळतो का? पुण्याचा माणूस बुधवार पेठेत आणि मुंबईचा माणूस लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्याच दिवशी कनेक्टर किंवा मोटार घेऊन येऊ शकतो. आपल्याकडे तो भाग कुरिअरने येईपर्यंत गाडी कपाटावर धूळ खात पडते. म्हणून तयार गाडी घ्यावी की स्वतः जोडावी, हा प्रश्न खान्देशात आवडीनिवडीपेक्षा दुरुस्तीच्या अंगाने सोडवलेला बरा, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

गाडीची जात ओळखणे

जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या गाडीत रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर, वेगाचे नियंत्रण आणि स्टिअरिंगचे नियंत्रण हे सगळे एकाच छोट्या सर्किटवर असते. त्यातला एक भाग जळला की पूर्ण सर्किट निकामी होते आणि तसेच सर्किट पुन्हा मिळण्याची शक्यता फार थोडी असते. अशा गाडीचे स्टिअरिंगही बहुधा पूर्ण डावे, पूर्ण उजवे किंवा मध्ये एवढेच चालते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ती पुरेशी आहे. मात्र ‘नादुरुस्त झाली तर करून घेऊ’ या भरवशावर ती घेऊ नये.

छंदासाठी बनवलेल्या गाडीत मोटार, मोटारीचा वेग सांभाळणारा ईएससी, चाके वळवणारा सर्वो, रिसीव्हर आणि बॅटरी हे पाच भाग वेगवेगळे असतात, प्लगने एकमेकांना जोडलेले असतात आणि एकेक करून बदलता येतात. खेळणे आणि छंदाची गाडी यांच्यातला खरा फरक एवढाच आहे. आकार, दिवे आणि खोक्यावरचे चित्र यांवरून तो कळत नाही. ही छंदाची गाडी तीन रूपांत मिळते : कारखान्यात जोडून आलेली, जिला या क्षेत्रातले लोक आरटीआर म्हणतात, सुट्या भागांचे किट, जे आपण घरी जोडायचे असते, आणि तिसरी म्हणजे फळी, पत्रा व मिळतील त्या मोटारी घेऊन मुळापासून बनवलेली.

पहिली खरेदी

तयार गाडी घेणारा खरा शौकीन नाही, असे किटवाले अधूनमधून म्हणतात, त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. तयार गाडी मोडल्यावर शिकवते आणि किट मोडण्यापूर्वी शिकवते, इतकाच काय तो भेद आहे. ज्याने आजवर पेचकस हातात धरलेला नाही, त्याने पहिली गाडी आरटीआर घ्यावी आणि ती १/१० ते १/१४ मापाची (खऱ्या गाडीच्या एक दशांश ते एक चौदांश), ब्रश मोटारीची, म्हणजे आत कार्बनचे ब्रश घासणाऱ्या साध्या मोटारीची असावी. असे ब्रश नसलेली ब्रशलेस मोटार वेगवान आणि टिकाऊ असते हे खरे, परंतु तो वेग नवशिक्याच्या हातून गाडी कुंपणाच्या खांबावर नेतो. डब्ल्यूएलटॉईज या चिनी कंपनीची १४४००१ ही १/१४ मापाची गाडी या वर्गात परिचित आहे, कारण तिचे बहुतेक सगळे भाग सुटे विकले जातात.

याउलट, जो घरी शेतीपंपाचा स्टार्टर उघडतो किंवा मोटारसायकलचा कार्ब्युरेटर स्वतः साफ करतो, त्याने आरटीआरचा टप्पा गाळून थेट किट घ्यायला हरकत नाही. जपानमधील शिझुओका येथील टामिया ही कंपनी १९७६ पासून रेडिओ नियंत्रित गाड्यांची किट बनवत आली असून, पहिल्या किटसाठी तिचे टीटी-०२ किंवा ग्रासहॉपर हे दोन साधे पर्याय आहेत. मात्र किटची किंमत पाहताना एक हिशेब आधीच करून ठेवावा : खोक्यात बहुधा रिमोट, रिसीव्हर, सर्वो, बॅटरी, चार्जर आणि रंग नसतात, आणि ईएससीही प्रत्येक किटमध्ये असेलच असे नाही. हे न पाहता मागवलेले किट जोडून पूर्ण होते खरे, पण हलत नाही.

जुनी गाडी विकत घेताना तिचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे याची खात्री करावी. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे परवाना लागत नाही आणि अनेक गाड्या एकाच वेळी एका मैदानावर चालू शकतात. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचात दोन गाड्यांची वारंवारिता एक झाली की एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी पळवतो.

हत्यारे

हत्यारांचा संच मोठा लागत नाही, पण चांगला लागतो. दीड, दोन आणि अडीच मिलीमीटरचे कडक पोलादाचे षटकोनी पेचकस, चाकाच्या नटसाठी ७ मिलीमीटरचा पान्हा, टोकदार पक्कड, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि ६० वॉटच्या आसपासचे सोल्डरिंग यंत्र एवढ्यावर पहिले वर्ष निघते. मोबाईलवाल्यांकडचे २५ वॉटचे यंत्र रिसीव्हरच्या बारीक तारांना पुरते. बॅटरीच्या जाड तारेला लावल्यास तार उष्णता ओढून घेते, शिसे वितळून नुसते वर बसते आणि तो सांधा पहिल्याच धक्क्याला सुटतो. टामियाच्या किटमधील फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांत पूर्ण बसत नाही आणि डोके झिजवून टाकतो, म्हणून त्या मापाचा एक पेचकस किटबरोबरच मागवावा.

चालवण्याआधी एकदा उघडणे

नवी तयार गाडी आली की ती मैदानात नेण्याआधी टेबलावर एक पांढरे कापड पसरून तिची चाके, वरचे कव्हर आणि मोटारीचा माउंट तेवढे काढून पुन्हा बसवावेत. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि निघालेले स्क्रू जेथून निघाले त्या क्रमाने ताटलीत ठेवावेत, कारण एकाच गाडीत ८, १० आणि १२ मिलीमीटर लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतल्या गिअरला टेकतो.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवण्याची एक रीत आहे, ती पहिल्या दिवशीच अंगवळणी पाडावी. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने, हलकेच फिरवावा. थोडे फिरल्यावर तो जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसल्याचे बोटांना जाणवते, आणि त्यानंतरच तो सुलटा आवळावा. असे न करता जोर लावणारा माणूस प्रत्येक वेळी नवीन आटे पाडतो आणि काही वेळा खोलल्यानंतर ते भोक स्क्रू धरेनासे होते. धातूत बसणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा, थेंब द्यावा. प्लॅस्टिकमध्ये तो कधीही वापरू नये, कारण त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते.

याच बैठकीत मोटारीचा लहान गिअर, म्हणजे पिनियन, आणि त्याला लागून असलेला मोठा स्पर गिअर यांच्यातले अंतर तपासावे. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या दातांमध्ये घालून मोटार पट्टीवर दाबावी, त्याच स्थितीत मोटारीचे स्क्रू आवळावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या नागमोडी घड्या स्वच्छ उमटल्या आणि कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. काही गाड्यांत मोटारीची भोके ठरावीक असतात. तेथे हे काम कारखान्यानेच केलेले असते.

किट जोडताना

किटची पुस्तिका शब्दांपेक्षा चित्रांवर चालते, त्यामुळे इंग्रजी किंवा जपानी न येणाऱ्यालाही ती समजते. अट एवढीच की चित्रातला स्क्रू पुस्तिकेवर दिलेल्या प्रत्यक्ष मापाच्या आकृतीवर ठेवून पाहिल्याशिवाय बसवू नये. पिशव्या क्रमाने फोडाव्यात, सगळ्या एकदम नव्हे. डिफरन्शिअल, म्हणजे वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, जोडताना घाई करू नये, कारण नंतर तो काढायचा म्हणजे अर्धी गाडी सोडवावी लागते. टामियाच्या अनेक प्राथमिक किटमध्ये बॉल बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे किंवा धातूचे बुश, म्हणजे गोळ्या नसलेल्या साध्या कड्या, येतात, आणि आपल्या धुळीत ते लवकर झिजतात. जोडणी चालू असतानाच बेअरिंग घालणे हा या किटवरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय. या किटमध्ये नेहमी लागणारे बेअरिंग ११ मिलीमीटर बाह्य व्यासाचे, ५ मिलीमीटर भोकाचे आणि ४ मिलीमीटर जाडीचे असते; हे माप सांगितल्यास बेअरिंगचा दुकानदारही ते मागवून देऊ शकतो, कारण ते यंत्रसामग्रीत वापरले जाणारे प्रमाणित माप आहे.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे कव्हर आतल्या बाजूने रंगवायचे असते, तेही त्याच प्लॅस्टिकसाठी बनवलेल्या रंगाने. घराच्या दरवाजाचा उरलेला ऑइलपेंट पहिल्या पलटीत पापुद्र्यांनी सुटतो.

बॅटरी आणि खान्देशचे ऊन

निकेल मेटल हायड्राइडची सहा सेलची, ७.२ व्होल्टची बॅटरी जड आणि सोशिक असते. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची, बॅटरी हलकी आणि जोरदार असते, पण तिचे नियम मोडून चालत नाहीत : पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा असावा, चालवताना तो ३.३ च्या खाली जाऊ देऊ नये, आणि आठवडाभर तरी वापर नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवून द्यावा. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा बॅलन्स चार्जरच हवा. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेइतका, म्हणजे २००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीला २ अँपिअरपर्यंत, ठेवावा. अनेक स्वस्त ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडण्यासाठी एक इवलासा जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, असतो. तो निकेलच्या जागी राहिला आणि गाडीत लिपो घातली, तर ईएससी वेळेवर बंद होत नाही आणि बॅटरी एका दिवसात कायमची खचते.

लिथियम बॅटरी चार्ज करण्याची कमाल मर्यादा साधारणतः ४५ अंश सेल्सिअस मानली जाते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा सावलीतच त्या आकड्याला भिडतो. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, जमिनीच्या फरशीवर, डोळ्यांसमोर करावे. पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या चारचाकीत बॅटरी ठेवू नये. चालवून आलेली गरम बॅटरी हाताला गार लागेपर्यंत चार्जरला जोडू नये. फुगलेली बॅटरी दाबून किंवा टोचून बसवण्याचा प्रयत्न न करता वापरातून काढावी आणि ई-कचऱ्यात द्यावी. चार्जिंगच्या जागी कोरड्या वाळूची बादली ठेवणे हा अतिरेक नाही.

मोटारीचेही तेच. चालवणे थांबवल्यावर तिच्या डब्यावर बोट तीन-चार सेकंद टेकवता येत नसेल, तर मोटार सोसते त्यापेक्षा जास्त काम करत आहे असे समजावे आणि पिनियन एक-दोन दात लहान बसवावा. पावसाळ्यातली काळी माती चाकांना चिकटून त्यांचे वजन दुप्पट करते, आणि मोटार जळण्याचे प्रकार उन्हाइतकेच या चिखलातही होतात.

बिघाड शोधणे

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, चाके जमिनीपासून उचललेली असल्याशिवाय काहीही तपासू नये. त्यासाठी विटेचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा गाडीच्या पोटाखाली द्यावा. चालू करताना आधी रिमोट आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा क्रम कधीही बदलू नये. रिमोटचा संदेश तुटल्यावर गाडी थांबावी, अशी फेलसेफची सोय रिसीव्हरमध्ये असल्यास ती सुरुवातीलाच लावून घ्यावी.

गाडी पूर्ण निपचित पडली असेल, तर बॅटरीपासून पुढे जावे. मल्टिमीटरने बॅटरीचा व्होल्ट पाहावा, मग तोच व्होल्ट ईएससीच्या तारेवर येतो का ते पाहावे, मग रिसीव्हरचा दिवा पाहावा. पहिल्या दोन ठिकाणी आकडा वेगळा आला तर दोष कनेक्टरमध्ये किंवा सोल्डरच्या सांध्यात असतो. दिवा लुकलुकत असेल तर रिसीव्हर आणि रिमोट यांची ओळख तुटलेली असते. ती पुस्तिकेनुसार पुन्हा करून द्यावी, त्यालाच बाइंड करणे म्हणतात.

मोटार चालते पण स्टिअरिंग वळत नाही, किंवा उलट, अशा वेळी नवीन भाग मागवण्याआधी रिसीव्हरवरचे दोन प्लग एकमेकांच्या जागी बदलून लावावेत. आता रिमोटच्या वेगाच्या ट्रिगरने सर्वो हलला, तर सर्वो चांगला आहे आणि दोष रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलमध्ये किंवा रिमोटमध्ये आहे. तरीही हलला नाही, तर सर्वो गेला. या अदलाबदलीत मोटार स्टिअरिंगच्या चाकाने फिरू लागते, म्हणूनच वर ठोकळ्याचा आग्रह धरला आहे. प्लग लावताना काळी किंवा तपकिरी तार ऋण बाजूला राहील हे पाहावे. सर्वो गुणगुणतो पण वळत नसेल, तर बहुधा त्याच्या आतल्या गिअरचे दात गेलेले असतात, आणि त्याच्या गिअरचा संच अनेकदा वेगळा मिळतो.

ब्रश मोटार फिरतच नसेल, तर तिच्या दोन तारा ईएससीपासून सोडवून चार पेन्सिल सेलच्या डबीला क्षणभर लावाव्यात. फिरली तर ईएससी दोषी, न फिरली तर मोटार. ही परीक्षा तीन तारांच्या ब्रशलेस मोटारीवर करू नये. ती थेट बॅटरीवर चालत नाही आणि तिचे वेटोळे जळू शकते. सेन्सरची वेगळी तार नसलेली ब्रशलेस मोटार उलटी फिरत असेल, तर तिच्या कोणत्याही दोन तारा आपसांत बदलल्या की दिशा बदलते. स्टिअरिंग थरथरत असल्यास ब्रश मोटारीच्या तोंडाशी असलेले ‘१०४’ अंकाचे लहान कपॅसिटर जागेवर आहेत का ते पाहावे. ते तुटले की मोटारीच्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचतो.

मोटारीचा आवाज येतो पण गाडी जागची हलत नाही, ही नवशिक्याची सर्वांत नेहमीची तक्रार असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा पिनियनचा ढिला ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला दांड्यावर धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, हे असते. मोटारीच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, आणि स्क्रूचे टोक नेमके त्या चपट्या बाजूवर बसले पाहिजे. गोल बाजूवर बसलेला स्क्रू घट्ट वाटतो, पण पहिल्याच जोरात घसरतो. ‘कर्र कर्र’ असा आवाज येत असेल, तर स्पर गिअर काढून त्याचे दात उजेडात पाहावेत. बाकीचे दात चौकोनी असून दोन-तीनच टोकदार झाले असतील, तर मध्ये खडा अडकला होता असे समजावे.

जळलेली छोटी मोटार गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नेऊन भरून घेण्याचा मोह खान्देशात साहजिक आहे, कारण शेतीपंपांमुळे अशी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत. या आकाराच्या मोटारीला ते परवडत नाही. नवी मोटार स्वस्त पडते. तरीही तेथे जाऊन काही वेळ उभे राहणे वाया जात नाही, कारण वार्निश जळल्याचा वास कोणता आणि नुसत्या तापलेल्या मोटारीचा वास कोणता, हे तेथले कारागीर नाकावरून सांगतात. वाकलेला ॲक्सल सरळ करणे किंवा मापाचा बुश कातून घेणे यासाठी मात्र लेथवाला खरोखर उपयोगी पडतो.

कापसाचा धागा

आपल्याकडच्या गाड्यांना एक खास दुखणे जडते. वेचणी झालेल्या शेतात किंवा जिनिंगच्या आवाराजवळ गाडी चालवली, की कापसाचे तंतू चाक आणि बेअरिंग यांच्यामधल्या फटीत गुंडाळले जातात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी फक्त थोडी मंद होते आणि एका बाजूला ओढते. चाक काढून ॲक्सलवरची पिन आणि षटकोनी तुकडा बाजूला केला, की बेअरिंगच्या तोंडाशी राखाडी, तेलकट, घट्ट वळलेली सुतळीसारखी वेटोळी सापडते. ती ओढून काढू नये, कारण तिच्याबरोबर बेअरिंगचे पातळ झाकण निघते; ब्लेडच्या टोकाने एका ठिकाणी कापून चिमट्याने उलट्या दिशेने उलगडावी आणि नंतर बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. दोन थेंब दिले तर बाहेरची धूळ त्यात बसून पीठ होते.

चिखलाने माखलेली गाडी लगेच पाण्याच्या जोराने धुऊ नये. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी ते बहुधा इलेक्ट्रॉनिक भागांपुरते असते. बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. काळी माती पूर्ण वाळू द्यावी, मग ती रंगाच्या जुन्या ब्रशाने ढपल्या-ढपल्यांनी सुटते.

मुळापासून बनवणे

विज्ञान प्रदर्शनात दिसणारी आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), मोटारींना वीज देणारा एल२९८एन ड्रायव्हर, मोबाईलशी जोडणारा एचसी-०५ ब्लूटूथ आणि गिअरच्या पिवळ्या बीओ मोटारी यांची गाडी विद्युत जोडणी शिकण्यासाठी उत्तम आहे, पण तिच्याकडून वेगाची अपेक्षा करू नये. एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून मोटारीला साडेपाचच्या आसपासच मिळतात. आज्ञा जातात पण गाडी वेड्यासारखी वागते, तेव्हा ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांची ऋण तार एकत्र जोडलेली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

खरी धावणारी गाडी बनवायची असेल तर प्रोग्रामच्या भानगडीत न पडता जुन्या गाडीतला सर्वो, ईएससी आणि रिसीव्हर घ्यावा आणि फक्त सांगाडा स्वतः करावा. त्यासाठी चार मिलीमीटरची प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चालते. ॲक्रिलिक दिसायला सुंदर, पण धडकेत भोकापासून तडकते. सगळ्यांत अवघड काम पुढच्या चाकांच्या वळणाचे असते, म्हणून ते भाग तरी एखाद्या गाडीचे सुटे मागवावेत. हे काम किमान एक किट जोडल्यावरच हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालवण्यासाठी रस्ता टाळून शेतातले खळे, शाळेचे मैदान किंवा गिरणेचे कोरडे पात्र निवडावे. वाळूत मात्र गिअरचे झाकण बंद असल्याची खात्री करावी. वळणांच्या कडेला ठिबकच्या बाद झालेल्या नळ्या अंथरल्या की मार्ग फुकटात आखला जातो, आणि गाडी धडकली तरी नळी सरकते, पुढची आर्म, म्हणजे चाक धरणारी भुजा, मोडत नाही. तरीही पुढच्या आर्मची एक जोडी, एक स्पर गिअर, एक पिनियन, चाकाच्या चार पिना आणि चार बेअरिंग हे भाग गाडीबरोबरच मागवून ठेवावेत. लिथियम बॅटरी अनेक विक्रेते विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे ती येण्यास इतर भागांपेक्षा अधिक दिवस लागतात. दिवाळीच्या सुटीत गाडी चालवायची असेल, तर दुसऱ्या बॅटरीची मागणी दसऱ्याच्या आधी नोंदवावी.